नझीर मिस्त्रीची माशांची पेटी

नझीर मिस्त्रीने आगरदांड्याला चाळीस होड्या बांधल्या. एकही गळाली नाही. मी त्याच्या हाताखाली नऊ वर्षं रंधा मारला. इतर गोष्टींवर तो कमी बोलायचा, आपल्या सांध्यांबद्दल मात्र फार बोलायचा.

एकोणीसशे एकतीस साली वली सारंग आगबोटीची नोकरी सोडून रंगूनहून परतला. सोबत गोड्या पाण्यातले अकरा मासे. हे मासे जमिनीवर चालत. ठेवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याने ते जमातीच्या देगेत सोडले. लग्नाची बिर्याणी शिजायची ती देग; सांभाळायला वलीच्याच घरी असे. तिसऱ्या दिवशी एक मासा चालत चुलीपाशी आला.

वलीची बायको बिल्किस म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी आळीतल्या जुलेखाचं लग्न हाय. पहाटे देग रिकामी पायजे. न्हायतर तांदळाबरोबर ह्यांनापण शिजवीन."

वलीने नझीरला बोलावलं.

पेटी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, तेवढीच उंच. तळ आणि तीन बाजू सागाच्या. पुढे जाड काच, मुंबईहून मचव्यातून आणलेली. "पाण्याचं काम मला शिकवू नका," नझीर म्हणाला. होडीला करतो तसंच केलं: सांध्यांत कापूस ठोकला, वरून गरम राळ-तेल भरलं. सोमवारी पेटी वलीच्या घरात मांडली आणि मी विहिरीचं पाणी आणायला लागलो. सत्तर हंडे लागणार होते.

एकेचाळिसाव्या हंड्याला कापूस बाहेर आला. आधी एका सांध्यातून, मग सगळ्यांतून, शेवयांसारखा. घरभर पाणी झालं.

"असं होत न्हाय," नझीर म्हणाला.

बिल्किस पाटावर उभी होती. "नझीरभाई, होडीला पाणी बाहेर असतं ना?"

"व्हय."

"हितं आत हाय. तुम्ही कापूस बाहेरून ठोकलात. पाण्याने ढकलला."

नझीरने बराच विचार केला. "वलीभाई, पेटीच्या बाहेरपण पाणी भरलं तर?"

"माझ्या घरात?" बिल्किस ओरडली.

पेटी उपसून वाळवायला मंगळवार गेला. बुधवारी नझीर आत उतरला. तो दोन माणसांच्या वजनाचा. पाय दुमडून, कुशीवर पडून त्याने एकेक सांधा आतून ठोकला. माशांची बातमी खाडीपलीकडे दिघीपर्यंत गेली होती. लोक होडीने आले. काचेतून त्यांना घामाघूम नझीर दिसला.

दिघीची म्हातारी सकिना काचेला नाक लावून म्हणाली, "हाच का तो चालणारा?"

"हा चालत न्हाय," वली म्हणाला. "सकाळपासून हितंच हाय."

गुरुवारी पेटी एकदा भरून उपसली, राळेचा वास जाईना म्हणून. मग पुन्हा भरली. एकशे चाळीस हंडे. माझा खांदा सोलवटला.

शुक्रवारी पहाटे मासे पेटीत सोडले, वर जाळी घातली. देग राखेने चार वेळा घासली आणि लग्नघरी गेली. बिर्याणी कुणी पानात टाकली नाही.

सगळी आळी जेवायला गेली. नझीर गेला नाही. पेटीच्या सांध्यावर तळहात टेकवून बसला. बिल्किसने ताट पाठवलं, मीच नेलं. त्याने हात काढला, उलटसुलट पाहिला. कोरडा होता.

"बस हितं," तो मला म्हणाला. "हा सांधा धर. मी जेवून घेतो."