बेलावरच्या अळ्या

पाठीवर पंप अडकवलेला फवारणीवाला फाटकातून आत आला, तेव्हा मी बेलापुढे उभी होते. खरं म्हणजे आडवी उभी होते.

मी लोकांना बागा लावून देते. परभणीतल्या या कॉलनीच्या मोकळ्या जागेत पक्षी-फुलपाखरांसाठी केलेली ही माझी पहिलीच बाग. अशा बागेत दोन तऱ्हेची झाडं लागतात. काही फुलांची, तिथे फुलपाखरं मध प्यायला येतात. काही होस्ट प्लांट, म्हणजे तिथे ती अंडी घालतात आणि अळ्या त्याची पानं खाऊन वाढतात. लिंबू, कढीपत्ता आणि बेल ही एकाच फुलपाखराची होस्ट प्लांट. ते फुलपाखरू सगळ्यांना आवडतं. त्याची अळी कुणालाच आवडत नाही.

कॉलनीचे अध्यक्ष सोनटक्के सर, रिटायर्ड हेडमास्तर, चिडले होते.

"मॅडम, तुमी फुलपाखरं येतील म्हणलात. अळ्यांचं बोललाच न्हाईत."

"सर, अळ्यांचीच फुलपाखरं होतात."

"ते मी शाळेत शिकवलंय. पण श्रावणी सोमवार तोंडावर आलाय अन् बेल सगळा खायल्यात. काकूंना काय सांगू?"

काकू म्हणजे महानंदाकाकू. रोज गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करतात. बेलाचं त्रिदळ त्यांना अख्खं लागतं, कुरतडलेलं चालत नाही. तक्रार त्यांचीच. त्या परडी घेऊन शेजारीच उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघतही नव्हत्या.

फवारा बसला असता तर अळ्याच नाही, फुलांवरच्या मधमाश्याही गेल्या असत्या. पिल्लांसाठी अळ्या वेचायला येणारे बुलबुल, त्यांचंही वाटोळं. पुन्हा अशी बाग माझ्याकडून कोण लावून घेणार? मी मधमाश्या सांगून पाहिल्या, बुलबुल सांगून पाहिले. सर घड्याळ बघत होते. फवारणीवाला पंप मारून हवा भरायला लागला. काही सुचेना म्हणून मी त्याच्याकडून औषधाची बाटली मागितली. लेबल मोठ्यानं वाचलं: कापसावर मारायचं, आंतरप्रवाही.

"म्हंजे काय?" काकूंनी विचारलं.

"पानाच्या आत शिरतं. धुतलं तरी जात नाही."

काकूंनी परडी खाली ठेवली. "सर, तेच पान मी लिंगावर वाहायचं, अन् त्याचंच तीर्थ लेकरांना द्यायचं?"

सरांनी माझ्या हातातली बाटली घेऊन लेबल वाचलं.

"पंप खाली ठेव बाबा," काकू फवारणीवाल्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण मॅडम, मला अख्खं पान पायजे. ते तुमी बघा."

म्हणजे माझी सुटका झालीच नव्हती. एका कोवळ्या फांदीवरच्या अळ्या वेचून मी लिंबावर सोडल्या आणि फांदीला जुनी मच्छरदाणी बांधली. एखादं अंडं आत राहिलं असेल तर? या धास्तीनं मी रोज चक्कर मारायचे.

सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून काकू रविवारी संध्याकाळी आल्या. मी गाठ सोडली. आत एक अळी होतीच. काकूंनी ते कुरतडलेलं पान अळीसकट तोडलं आणि लिंबावर नेऊन ठेवलं. "हिचं हिला," म्हणाल्या. बाकीची पानं अख्खी होती. परडी भरली.

आता नव्या कॉलनीत गेले की मी फुलपाखराच्या आधी अळीचा फोटो दाखवते. आणि त्याच्याही आधी विचारते, इथे बेल कोण वाहतं?