आईने बंद केलेली गाणी

“गाण्यांशिवाय तुझा हात चालतो तरी कसा गो?” शेजारच्या काकूंनी पडवीत बसलेल्या आईला विचारलं.

पेणला आमच्या घरी आई कारखान्यातून आणलेल्या गणपतींचे दागिने रंगवते आणि रंगवताना तिला मोबाईलवर गाणी लागतात.

“लेकीने अभ्यासासाठी स्वतःचा मोबाईल माझ्या कपाटात ठेवलाय,” आई म्हणाली. “रोह्याच्या कॉलेजात तिचे दोन विषय राहिले ना. मग मी कशी वाजवू गाणी?”

“आमचा पोरगा तर मोबाईल घेऊन न्हाणीत जातो. नशीबवान हायस.”

मी आतल्या खोलीत होते. लेक्चरसाठी घेतलेल्या लॅपटॉपवर परदेशी मालिका चालू होती. मी आवाज बंद केला आणि खालची इंग्रजी अक्षरं वाचत तो भाग शेवटपर्यंत बघितला.

पुढे महिनाभर आईने मूर्ती मुकाट्याने रंगवल्या. रोज सांगावंसं वाटायचं, पण जमलं नाही.

निकालात पुन्हा तेच दोन विषय राहिले. आई बराच वेळ ब्रश धूत राहिली. मग म्हणाली, “सुरुवातीला आठ दिवस मी गाणी लावली होती. तेव्हाच तुझं लक्ष उडालं असणार.”

“आई,” मी म्हणाले, “मी अभ्यास केलाच नाही. रोज लॅपटॉपवर मालिका बघत होते.”