अरबाबच्या दारातली मारांडी

गनी परकार शारजातल्या एका कारखान्यात ग्रीक खांब ओततो. तेही आतून पोकळ, पण हे घरमालकाला सांगायचं नसतं. खाली बेस, मध्ये उभ्या पन्हळींचा शाफ्ट, डोक्यावर कॅपिटल. खांबाची जात कॅपिटलवरून ओळखायची: डोरिक म्हणजे उपडी ताटली, आयोनिक म्हणजे मेंढ्याची शिंगं, कोरिंथियन म्हणजे पानांनी भरलेली टोपली. सध्याचे सहा खांब एका व्हिलाच्या दारासाठी होते, आणि तिच्या मालकाला, म्हणजे अरबाबला, अर्थातच टोपली हवी होती.

पान अकॅन्थसचं. चित्र बघताच गनी म्हणाला, "ही तर आमच्या खाडीतली मारांडी." गावी चिखलातून तिसऱ्या शिंपल्या काढताना तिच्या काट्यांनी त्याच्या पोटऱ्या सोलून निघालेल्या.

फोरमन अन्वरने पहिल्यांदाच त्याच्या हाती साच्याचा नमुना कोरायची माती दिली होती. "पान पास झालं तर पुढचं कोरीव काम तुझं. नाहीतर परत मिक्सरवर सिमेंट कालवायला."

गनीने काटेरी पान कोरलं. पण ओतलेल्या कॅपिटलवरून रबरी साचा सोलताना काट्यांची टोकं तुटून साच्यातच राहायची. पाच कॅपिटलं त्याने मुकाट घासून गोल केली आणि ती खांबांवर चढलीही. सहाव्याला मात्र टोकाटोकात काचेचे धागे घातले, आणि काटे शाबूत निघाले. गडी हरखला. गावी बायकोला, कुलसुमला, फोन लावून म्हणाला, "अरबाबच्या दारात आपली मारांडी लागतेय."

आज ते सहावं वर बसलं, क्रेनचा पट्टा सुटला, आणि खाली उभ्या आर्किटेक्ट मुग्धा मॅडमनी गॉगल वर केला.

"गनीभाई, पाच भाऊ दाढी करून आलेत. हा सहावा असाच?"

गनीने रांगेकडे पाहिलं. इतके दिवस हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दुसरं ओततो, मॅडम," अन्वर म्हणाला.

"आणि अरबाबला काय दाखवू? दुपारची असरची नमाज झाली की येतोय तो. आज फायनल पाहणी आहे. घासून निघेल?"

आतला धागा ओढला गेला, तर काट्यासोबत पानही मुळातून सुटणार. पान सुटलं की मिक्सर.

"घासतो," तो म्हणाला आणि परांचीवर चढला.

पहिल्याच काट्याला कानस लागली, धागा ताणला, पानाच्या देठाशी केसाएवढी चीर पडली. गनीने कानस खिशात टाकली, डावा तळवा पानाखाली धरला आणि आधी ब्लेडने धागा कापला. मग घास. पुन्हा धागा, पुन्हा घास. घाम डोळ्यात उतरला, तरी पुसायला हात मोकळा नव्हता. अजान झाली. शेवटच्या पानावर असताना फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

"यल्ला, गन्या, उतर," अन्वर दबक्या आवाजात म्हणाला.

गनी उतरेतो अरबाब खांबांपाशी आला होता. त्याने मान वर केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. सहाव्यापाशी थांबला. गनीची नजर त्या चिरेवरून हलेना.

"झैन," म्हणजे छान, एवढंच अरबाब म्हणाला आणि आतल्या फरशीकडे वळला.

अन्वरने पाठीत थाप घातली. "शनिवारपासून माती तुझी. आता धागे नको घालूस, हबीबी."

गनीने फोटो पाठवला. कुलसुमचा लगेच फोन. "ही कसली मारांडी? ही तर पालकाची जुडी. काटे कुठं गेले?"

गनी पायरीवर बूट काढून मोज्यात शिरलेली कच झटकत होता. "बुटात," तो म्हणाला.