खाली न उतरलेला आवाज

लातूरच्या एका कॉलेजात आम्ही दोघा मित्रांनी एक फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली डिस्कवर ठेवणारा-काढणारा प्रोग्राम, लिहिली होती. तिला स्वतःची डिस्क नव्हती. ती दुसऱ्या फाइल सिस्टिमच्या डोक्यावर थरासारखी बसायची. वरून आलेलं काम खाली पोचवायचं, खालचं उत्तर वर द्यायचं. बऱ्याच साहेबांची नोकरी एवढ्यावरच निघते. कर्नेलमध्ये, म्हणजे मशीनच्या सिस्टिमच्या गाभ्यात, मात्र त्यातही चुकता येत नाही.

आम्ही भरपूर चुकलो. दोन थरांची कुलुपं उलट्या क्रमाने लागली, की दोघं एकमेकांची वाट बघत राहायचे आणि मशीन गप्प बसायचं. खालची फाइल धरून सोडायला विसरलो, की वरचा थर काढताच यायचा नाही.

तरी कॉलेजने उद्घाटन ठरवलं. लॅपटॉपला झेंडूचा हार घातला. दाखवण्यासाठी मित्राने वडिलांचं रेकॉर्डिंग त्यात ठेवलं. ते एसटीत कंडक्टर होते. वारण्याआधी एकदा घरीच, हसत हसत, मुखेडच्या गाडीचे थांबे पुकारले होते. तेवढाच आवाज उरला होता, आणि तो त्याने फोनमधून काढून इकडे हलवला.

"आरं, फोनमध्ये एक राहू दे की," मी म्हणालो.

"आपणच लिहिलंय, अन् आपलाच भरोसा न्हाई?" तो म्हणाला. त्याने सगळं डिस्कवर उतरवण्याची आज्ञाही दिली. आमच्या थराने उतरवलं म्हणून सांगितलं.

पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी एंटर दाबून तो आवाज लावायचा होता. "साहेब, बोट दिसू द्या," फोटोग्राफर म्हणाला. साहेबांनी हार सारला, पॉवरचं बटन दाबलं आणि फोटो निघेपर्यंत दाबून धरलं. स्क्रीन काळी झाली. टाळ्या पडल्या.

मशीन पुन्हा सुरू केल्यावर फाइल होती. नाव बरोबर, लांबी बरोबर. आज्ञा आमच्या थरातच थांबली होती. लांबीची नोंद खाली डिस्कवर गेली, पण आवाजाचा मोठा भाग वरच मेमरीत राहिला आणि विजेबरोबर गेला. दुरुस्ती दोन-चार ओळींची निघाली.

रिकाम्या हॉलमध्ये त्याने फाइल लावली. "चला, मुखेड, मुखेड... आत सरका, पाव्हणं..." आणि पुढे काहीच नाही. स्क्रीनवरचा वेळेचा काटा मात्र सरकत होता. मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "गाडी पोचू दे."

आम्ही शेवटपर्यंत बसून राहिलो.