मॅचच्या दिवशी बस

ॲल्फ्रेड तुस्कानो आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचा आणि सुट्टीच्या दिवशी कॉलेजांच्या फुटबॉल मॅचेसमध्ये रेफ्री म्हणून शिट्टी वाजवायचा. माणूस वसईचा, चर्चमागच्या मैदानावर अनवाणी खेळून वाढलेला. आपल्याला कोणी पक्षपाती म्हणेल, या धास्तीने त्याचा जीव कायम टांगणीला.

धास्तीचं कारण शेजारीच राहत होतं. इंटरनॅशनल सिटी या वसाहतीतून रोज तो शैलेंद्रच्या गाडीतून कामावर जायचा, आणि शैलेंद्रचा मुलगा तन्मय कॉलेजच्या टीमचा फॉरवर्ड. ॲल्फ्रेडने आयोजकांना हे आधीच सांगून टाकलं होतं. ते हसले. इथे सगळेच एकमेकांना ओळखतात, म्हणाले. मग त्याने स्वतःच नियम केला: तन्मयची मॅच असेल त्या दिवशी शैलेंद्रच्या गाडीत पाय ठेवायचा नाही. पठ्ठ्या स्टॉपवर घाम पुसत बसची वाट बघायचा, आणि मैदानाकडे निघालेली शैलेंद्रची गाडी हॉर्नही न वाजवता समोरून निघून जायची. शैलेंद्रची बायको प्रमिला म्हणायची, "लग्नाआधी चोरून भेटणारे तरी बरे. तुमचं काहीतरी भलतंच."

सेमीफायनललाही तो बसनेच गेला. पहिल्या हाफमध्ये बचावपटूने तन्मयला गोलसमोर सरळ पाय घालून पाडलं. शिट्टी ॲल्फ्रेडच्या ओठांपर्यंत आली. पण त्याच्या डोक्यात लोक आधीच बोलायला लागले होते: गाडीवाल्याच्या पोराला पेनल्टी दिली. त्याने हात हलवून खेळ चालू ठेवला. तन्मय उठला, त्याने ॲल्फ्रेडकडे एकदा बघितलं आणि तो बॉलमागे पळाला.

मध्यंतरात ॲल्फ्रेड पाण्याची बाटली घेऊन एकटाच बाजूला जाऊन बसला. आपण कसला न्याय केला? आपण आपलं नाव सांभाळलं, आणि त्याची किंमत पोराने मोजली. त्याला स्वतःची लाज वाटली.

मॅच संपत आली तरी गोल झाला नव्हता. तेवढ्यात तन्मय पुन्हा गोलसमोर कोसळला. आता मघाचं भरून काढायला पेनल्टी द्यायची नाही आणि लोकांना भिऊन नाकारायचीही नाही, एवढंच ॲल्फ्रेडने मनाशी म्हटलं. जे दिसलं ते दिसलं. बॉलला स्पर्शही न करता बचावपटूचा पाय तन्मयच्या घोट्यावर बसला होता. ॲल्फ्रेडने शिट्टी फुंकली.

पेनल्टीवर गोल झाला. तन्मयची टीम जिंकली.

हरलेल्या टीमचा कोच हमदुल्ला तरातरा ॲल्फ्रेडकडे आला. आता याला गाडीचं कळलंय आणि हा चारचौघांत आपली लाज काढणार, अशा तयारीने ॲल्फ्रेड उभा राहिला.

"रेफ्री साब, पहलावाला भी पेनल्टी था. क्यों नहीं दिया?"

ॲल्फ्रेडने शिट्टी खिशात टाकली. "वो लडका मेरे दोस्त का है. रोज उसकी गाडी में जाता हूँ. डर गया."

"मालूम है. आप बस से आता है, मेरा सब लडका लोग हँसता है." हमदुल्लाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हबीबी, बस में आओ, गाडी में आओ. जो देखा वो बजाओ. खलास."

छातीवरचं ओझं उतरावं तसा ॲल्फ्रेडने श्वास सोडला. इतके दिवस ज्यांच्यापासून लपायचं, त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांचं त्याच्याबद्दल वाईट मत नव्हतं. त्याला हसू आलं, आणि डोळेही चुरचुरले.

बाहेर पडल्यावर त्याने आधी तन्मयला गाठलं. "पहिली पेनल्टी होती, बाबा. माझं चुकलं. सॉरी."

"आय नो, अंकल," तन्मय म्हणाला. "सेकंड वन वॉज गुड."

बस स्टॉप डावीकडे होता. ॲल्फ्रेड उजवीकडे वळला, पार्किंगमध्ये शैलेंद्रच्या गाडीचं पुढचं दार उघडलं आणि आत बसला. हमदुल्लाची पोरं शेजारच्या व्हॅनमध्ये चढत होती.

शैलेंद्र गडबडला. "अरे, मागे तरी बस. सगळे बघतायत."

"बघू दे," ॲल्फ्रेड म्हणाला आणि त्याने काच खाली केली.