खांद्यावरचे दात

या सदरातले अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आले. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तरी हे लिहितेय...

मी आणि माझा नवरा मंदार जर्मनीत, कार्ल्सरूहेत राहतो, दोघंही आयटीत. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी, रविवारी दुपारी, एका छोट्या थिएटरात जपानी सिनेमा बघायला गेलो. मंदारला वाटलं, बागा, देवळं, चहा असं काहीतरी शांत असेल. निघालं भलतंच! एक खोली, एक बाई, एक पुरुष. जेवणखाण विसरून, जग विसरून नुसते एकमेकांत बुडालेले, आणि पडद्यावर काहीही झाकलेलं नाही. मी आधी पर्समध्ये उगाच गोळी शोधत राहिले. मग कळलं, यात वेगळी गोष्ट नाहीच, त्यांची शरीरंच ती सांगताहेत. शेवटी ती त्याच्या डाव्या खांद्याला कडकडून चावते आणि तो हसतो.

आमच्यात भांडण नव्हतं. काहीच नव्हतं. कित्येक वर्षं माझा हात त्याच्या अंगाला लागायचा तो फक्त पाडव्याला, तेल लावताना. पण त्या सिनेमानंतर स्वारी खुशीत होती, भांडी लावताना गुणगुणत होती. पाडव्याला ऑफिसच्या घाईत त्याला बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं, आणि डाव्या खांद्यावर दातांचा वण दिसला. लालभडक.

मनात दुसरी बाईच आली. येणारच ना! मग नीट पाहिलं. पुढच्या दोन दातांमध्ये फट होती... तश्शीच माझ्या दातांत आहे.

मी विचारलं, हे काय? तो लाजून म्हणाला, "सिनेमा बघून आलो त्या रात्री, अगदी पहाटे, तूच नाही का..."

मी चावले नव्हते. शप्पथ. तसं सांगितलं मात्र, त्याचा चेहरा पडला.

"ती तू नव्हतीस?" त्याने दोनदा विचारलं. तेव्हा खोटं बोलायला हवं होतं, असं आता फार वाटतं.

डॉक्टरने मलम दिलं, पण वण गेला नाही. कसा आला, मला अजूनही सांगता येत नाही. टीव्ही बघताना मंदार तो अंगठ्याने दाबत बसतो, अगदी जोर लावून.

यंदाच्या पाडव्याला तेल लावताना मी धीर करून वाकले आणि वणावर दात टेकवले. तंतोतंत बसले.

मंदारने खांदा आक्रसून घेतला.

"नको गं," तो म्हणाला, "दुखतं."