हिरव्या राजाची बाजू

मिल बंद पडली तेव्हा मी नववीत होते. बाबा तिथे साळखात्यात जॉबर होते, म्हणजे माग आणि ते चालवणारी माणसं त्यांच्या देखरेखीखाली. गेटला कुलूप लागल्यावरही काही महिने ते डबा घेऊन निघत, गेटवर बसून परत येत. मग तेही थांबलं. राजेंद्र नगरच्या आमच्या दोन खोल्यांत ते दिवसभर असत आणि स्वतःचं काय करावं हे त्यांना कळत नसे.

मी कृष्णपुऱ्याजवळच्या एका दुकानातून कॉमिक्स भाड्याने आणायची. एकदा शाळेतून आले तर बाबा त्यातलंच एक वाचत होते. मला बघून त्यांनी ते उशीखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "याचा पुढचा भाग मिळेल का गं?"

त्यात पाच वीरांची टीम होती आणि दुसऱ्या ग्रहावरून आलेला एक हिरवा राजा. मला पाण्यावर धावणारी मुलगी आवडायची. बाबांना त्या पाचांशी काही मतलब नव्हता. ते राजाचीच पानं उलटत. त्याचा सूर्य विझला होता. उरलेली माणसं घेऊन तो पृथ्वीवर जागा मागायला आला होता. कुणी ऐकून घेतलं नाही, तेव्हा त्याने शहरं जाळायला घेतली.

"पण बाबा, तो व्हिलन आहे."

"आहे ना. पण आधी त्याने नीट मागितलं होतं. ते पान बघ तू."

पुढे ते स्वतःच दुकानात जाऊ लागले. दुकानदार विचारायचा, "काकाजी, बच्ची के लिए?" बाबा मान खाली घालून म्हणायचे, "हां, उसी के लिए." पण त्या दिवसांत ते जेवताना बोलायचे, राजा आता काय करेल ते सांगायचे. आई शिवायला आलेल्या ब्लाउजला हुका लावता लावता म्हणायची, "बोलतायत तरी."

मग त्या कॉमिक्सवर टीव्ही सीरियल आली. पहिल्या रविवारी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्ही शेजारच्या काकांकडे गेलो. पडद्यावरचा राजा म्हणजे अंगाला हिरवा रंग फासलेला एक लठ्ठ माणूस. प्रत्येक वाक्यानंतर खदाखदा हसायचा. सूर्य, थंडी, त्याची माणसं, यातलं अक्षरसुद्धा नव्हतं. पाच वीरांनी त्याला बडवलं, तशा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"पुढच्या वेळी सांगतील," घरी येताना बाबा म्हणाले. तीन रविवार ते असंच म्हणाले. चौथ्या रविवारी स्फोट झाला आणि राजा संपला.

"इतकंच?" बाबांनी काकांना विचारलं.

"और क्या भिया? मर गया," काका हसले.

त्या दुपारी बाबांनी माझी वही मागितली. सीरियलवाल्यांना हिंदीत पत्र लिहायचं होतं. राजाची आधीची हकीकत दाखवा, नाहीतर लोकांना वाटेल तो उगीचच आला, असं काहीतरी. दोन पानं लिहून त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. "हिंदी जरा दुरुस्त करून दे."

मैत्रिणी बाहेर उभ्या होत्या. मी म्हणाले, "काय बाबा! ते लहान मुलांचं असतं. लोक हसतील तुम्हाला."

बाबांनी ती पानं वहीतून फाडून घेतली, घडी करून खिशात घातली. त्यानंतर घरात कॉमिक आलं नाही. त्यांचं जेवतानाचं बोलणंही बंद झालं. आई विचारायची, "भाजी वाढू?" ते म्हणायचे, "हं."

बारावीनंतर एकदा मीच कागद घेऊन त्यांच्याजवळ बसले. "बाबा, ते पत्र पुन्हा लिहू या?"

"कसलं पत्र?" ते म्हणाले.

ते रुसून तसं म्हणत नव्हते, त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी राजाचं सांगितलं, सूर्याचं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग भिंतीकडे तोंड करून झोपले.